विहिरीतल्या राजासाठी डिझेल

विहिरीच्या तळाशी उभं राहून "पाणी थांबवा!" असं ओरडलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात मी एकटाच असेन. पाणी लागावं म्हणून लोक नारळ फोडतात, नवस बोलतात, काटकी हातात धरून शेतभर फिरणाऱ्या माणसाला जेवू घालतात. मी मात्र पाणी लागलं म्हणून बोंब ठोकत होतो, आणि वर काठावर सगळं गाव नाचत होतं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल. तो न सांगता लोक मला शहाणा समजत नाहीत, आणि सांगितल्यावर तर मुळीच समजत नाहीत.

मी स्फटिक गोळा करतो आणि विकतो. जमिनीच्या पोटात खडकांना भेगा असतात. केव्हातरी त्या भेगांतून गरम पाणी खेळलेलं असतं आणि त्या पाण्यात खनिजं विरघळलेली असतात. पाणी निवत जातं तशी ती सावकाश थिजतात, आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे वाढतात. सहा सपाट बाजू, वर निमुळतं टोक, आणि आरशासारखे पैलू. कोणी घासलेलं नाही, कोणी कापलेलं नाही. अशी वस्तू मातीतून पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा माझा चेहरा कसा होतो, ते मला दिसत नाही. आमच्या घरच्यांना दिसतो. त्या म्हणतात, "लग्नात माझ्याकडे पाहून एवढं तोंड खुललं नव्हतं तुमचं."

दिवस तसे गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यातच गेले. स्कूटर काढायची, खदानींवर जायचं, विहिरी खणणाऱ्यांशी ओळख ठेवायची, चहा पाजायचा आणि वाट पाहायची. जंगलातला दगड उचलायचा नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. सचोटीमुळे म्हणा, किंवा मला पळता येत नाही म्हणून म्हणा.

या धंद्यात स्फटिकाचं टोक शाबूत लागतं. टोकाचा मोहरीएवढा टवका उडाला तरी गिऱ्हाईक असा चेहरा करतं, जणू मीच जाऊन चावलो त्याला. आणि सोबत चिठ्ठी लागते. हा नमुना कुठल्या गावच्या, कुठल्या खडकातून निघाला, ते त्या चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठी नसेल तर कितीही देखणा दगड असो, संग्रहालयवाले त्याला विचारत नाहीत.

माझं दुखणं या चिठ्ठीपाशी होतं. नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या काळ्या खडकात हिरवे, गुलाबी, मोराच्या पिसाऱ्यासारखे स्फटिक निघतात. जगभर जातात. तिकडच्या प्रदर्शनात मी आमचे बोटभर लांबीचे धुरकट स्फटिक मांडून बसायचो, आणि शेजारचा व्यापारी चिठ्ठी वाचून विचारायचा, "गोंदिया? तिकडे तांदूळ छान मिळतो, नाही?" दर वर्षी तोच प्रश्न. एकदा तर मी रागाने पुढच्या खेपेला पाच किलो तांदूळ नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो आनंदाने घेतला आणि सांगितलं, याचीच दुकानदारी करा. तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. मरायच्या आधी एक तरी असा स्फटिक हाती यावा की त्याखालची चिठ्ठी वाचून त्या माणसाला तांदूळ आठवू नये.

इच्छा मोठी होती, अक्कल बेताची. एकदा एका खदानीतून चांगले नमुने मिळाले. आमच्याकडे आंब्यापासून मडक्यापर्यंत सगळं तणसात बांधतात. धान झोडून झाल्यावर राहतं ते वाळलेलं तणस मऊ, फुकट आणि घरोघरी असतं. मीही स्फटिक तणसात बांधले, उघड्या टेम्पोत खोकी रचली आणि नागपूरच्या वाटेवर कोहमाऱ्याला ढाब्यावर जेवायला उतरलो. हात धुऊन बाहेर येतो तो टेम्पोभोवती गाई. त्यांनी खोकी ओढून काढली होती आणि पॅकिंग पद्धतशीर खाल्लं होतं. स्फटिक डांबरावर. ढाबेवाला दात कोरत शेजारी उभा. म्हणाला, "भाऊ, माल चांगला होता जी तुमचा. एक काडी नाही ठेवली गाईनं."

गिऱ्हाइकंही तशीच. गोंदियातल्या एका कापडवाल्याने गल्ल्यावर ठेवायला स्फटिक नेला आणि काही दिवसांनी परत घेऊन आला. "भाईसाहब, इसमें से पॉवर तो निकल ही नहीं रही." मी म्हटलं, रोज पुसा. तो रोज पुसू लागला. दगड पुसता पुसता गल्ला पुसला, मग कपाटं पुसली, मग दुकानाची काच. दुकान चमकायला लागलं, लोक वाढले. आता तो भेटला की कानात सांगतो, "निकल रही है."

असो. आता विहीर.

एप्रिलचे दिवस होते. सकाळीच रहांगडालेचा फोन आला. हा रहांगडाले विहिरी खणायचा ठेकेदार. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर, सोबत चार माणसं, आणि आवाज असा की फोन नसता तरी कुडव्यात ऐकू आला असता.

"भाऊ, गारगोटी लागली जी! दारासारखी उभी हाये. मधात भोक हाये, बॅटरी मारली तर आत काच काच दिसून राहिली. पण मी बार भरून राहिलो. याचं असन तर आत्ताच निंगा!"

बार म्हणजे सुरुंग. खडकाला भोकं पाडायची, दारू भरायची, उडवायची. गारगोटीची शीर उभी, मधे पोकळी, आणि आत काच काच! आयुष्यभर याच फोनची वाट पाहिली होती. मी चप्पल घातली ती दोन वेगवेगळ्या जोडांतली, हे मला आमगाव ओलांडल्यावर कळलं.

गाव सालेकसा तालुक्यातलं, कचारगडच्या डोंगराच्या बाजूचं. नाव सांगत नाही. आमच्या धंद्यात जागेचं नाव लेखात छापणं म्हणजे दाराची किल्ली वर्तमानपत्रात देणं.

विहिरीची मालकीण सुकवंताबाई मडावी. नवरा रोपवाटिकेत कामाला, शेत सगळं हिच्या हातात. काठावर कमरेला पदर खोचून उभी होती. विहीर खूप खोल गेली होती आणि ठणठणीत कोरडी होती. रहांगडालेची मशीन त्याच दिवशी दुसऱ्या गावाला जायची होती. म्हणजे हा शेवटचा बार. पाणी लागलं तर विहीर, नाही तर शेताच्या मधोमध एक मोठा खड्डा, ज्यात गुरं पडू नयेत म्हणून जन्मभर काट्या लावायच्या.

आणि मी जाऊन म्हणालो, "बाई, बार थांबवा."

"काऊन?"

"आत स्फटिक आहेत. बार उडाला तर भुगा होईल."

"आन् नाही उडवला तं मले पानी कोन देईन, तुमी?"

रहांगडाले हसला. मी हात जोडले, विनवण्या केल्या, खिशातून भिंग काढून तिला एक तुकडा दाखवला. तिने तो भिंगातून पाहिला, मग भिंगातून माझ्याकडे पाहिलं. मी बहुधा भिंगातून जास्तच रडवेला दिसत असेन.

"पाहा भाऊ," ती म्हणाली, "ऊन उतरेपर्यंत करा काय कराचं ते. मंग बार. मंग माया समोर रडू नका."

रहांगडालेने कुरकुर केली, पण विहीर तिची होती. मी खाली उतरायला निघालो तशी तिने अडवलं. मूठभर तांदूळ आणि चार मोहाची फुलं पानावर ठेवून माझ्या हातात दिली.

"जमिनीतून काही काढाचं असन तं आधी तिले सांगा लागते. खाली ठेवजा आन् सांगजा काय नेता ते."

दगड-माती वर ओढायला विहिरीवर यारी बसवलेली असते. तिच्या टोपल्यात बसवून मला खाली सोडलं. माझं वजन पाहून दोरीवरच्या माणसांनी आपसात जे बोलून घेतलं ते गोंडीत होतं, पण हसणं सगळ्या भाषांत सारखंच असतं. तळाशी पोचल्यावर मी पान शिरेच्या पायथ्याशी ठेवलं आणि मोठ्याने, वर ऐकू जाईल असं, गमतीत म्हणालो, "आई, मी फक्त दगड नेतो. बाकी सगळं या बाईचं."

मग बॅटरी भोकात घातली.

काय सांगू! माणूस मावेल एवढी खोली होती ती. तळाला लाल चिकण माती, आणि भिंतींवरून, छतावरून स्फटिकच स्फटिक. मधाच्या रंगाचे, चहाच्या रंगाचे, काही थेट धुरासारखे. आणि मागच्या भिंतीला, मातीत अर्धा रुतलेला, एक राजा. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, मांडीएवढा जाड, गडद धुरकट, आणि त्याच्या पायाशी लहान लहान स्फटिकांचा दरबार. टोक? टोकावर बॅटरीचा उजेड टेकला आणि परत माझ्या डोळ्यात आला. अखंड! मी तिथे एकटाच "अरे! अरे! अरे!" करत होतो. वरून रहांगडाले विचारत होता, "साप हाये काय?"

पोकळीत लोखंड घालायचं नाही. टिकाव, छिन्नी सगळं बाहेर. बांबूची पट्टी, बोटं, जुना टूथब्रश आणि धीर, एवढंच सामान. धीर मी घरी विसरलो होतो. तरी सुरुवात नीट केली. सुटे पडलेले लहान स्फटिक एक एक काढले आणि ओल्या पोत्यात गुंडाळले. जमिनीच्या गारव्यातून निघालेला दगड एकदम वैशाखी उन्हात नेला तर तडकतो, म्हणून ओलं पोतं. काही शर्टाच्या आत टाकले. मग पोटावर झोपून, खांद्यापर्यंत आत शिरून, राजाच्या भोवतीची माती उकरायला लागलो.

माती घट्ट होती. मी बोटांनी उकरत होतो, ती ढेकळाढेकळाने सुटत होती. राजा हलला! दाढ हलते तसा किंचित हलला. मी आनंदाने ओरडलो. वरून सुकवंताबाई ओरडली, "भेटला काय?"

"भेटला! निघतोच आहे!"

आता इथे माझ्याइतकी वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाने एक साधा विचार करायला हवा होता. खडकातली भेग, भेगेत पोकळी, पोकळीच्या मागे ओली चिकण माती. हे स्फटिक मुळात वाढले कशात? पाण्यात. पाणी आलं कुठून? भेगेतून. मग ती भेग पुढे कुठे जाते? शाळेतल्या पोरालाही हे सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी त्या वेळी मनातल्या मनात चिठ्ठी लिहीत होतो.

राजाच्या मागचं एक मोठं ढेकूळ मी ओढलं. बूच उडावं तसं झालं. आधी गार वारा तोंडावर आला, मग चिखल, आणि मग मनगटाएवढी धार थेट माझ्या छातीवर. मी उलटा होऊन विहिरीत पडलो. उठलो, पुन्हा आत घुसलो, धारेने पुन्हा बाहेर फेकलं. वरून सुकवंताबाईचा आवाज:

"पानी! पानी लागला! पानी लागला जी!"

आणि मी खालून, "थांबवा! पाणी थांबवा!"

"काऊन थांबवा? पागल झाले काय?"

"राजा आत आहे!"

"कोन राजा? रहांगडाले, खाली कोनी अजून हाये काय?"

पाणी पोटऱ्यांवर आलं, मग गुडघ्यांवर. मी यारीच्या टोपल्यात बसायला तयार नव्हतो. "एकच हिसका मारू द्या मला, एकच!" म्हणत होतो. रहांगडालेने वरून खास आमच्याकडच्या बोलीत माझ्या अकलेचा उद्धार केला. त्यातला छापण्याजोगा भाग एवढाच की, "बसून राहिले का दोरी सोडू?" मला पोहता येत नाही. बसलो. माझ्या डोळ्यांदेखत पाणी त्या खोलीत शिरलं आणि राजाचं टोक, ते अखंड टोक, एकदा चमकून खाली गेलं.

वर आलो तेव्हा एक चप्पल नव्हती, आणि उरलेली कुठल्या जोडातली तेही सांगता येत नव्हतं. शर्टाच्या आतून स्फटिक टोचत होते. बायका गाणं म्हणत होत्या. सुकवंताबाईने माझ्या चिखलाच्या कपाळाला हळद लावली आणि सगळ्यांना सांगितलं, "या भाऊनं हातानं पानी काढला, बार नाही लागला!" मग माझ्या तोंडाकडे पाहून हळू आवाजात, "रडू नका म्हनलं होतं ना."

मी जमिनीला बोललेले शब्द मला तेव्हा आठवले. बाकी सगळं या बाईचं. जमिनीने माझं अर्धं वाक्य ऐकलं होतं आणि ते अक्षरशः पाळलं होतं.

आता एखादा समजूतदार माणूस इथे थांबला असता. मी वर्षभर झोपलो नाही. पाणबुड्या उतरवू का, असं विचारलं तर सुकवंताबाई म्हणाली, पिण्याच्या पाण्यात कोणाचे पाय नकोत. मग मी दुसरी युक्ती काढली. पुढच्या एप्रिलात पाणी सर्वांत खाली जाईल तेव्हा भाड्याने दोन डिझेल इंजिनं न्यायची, दिवसभर उपसा करायचा, विहीर तळाला लावायची, हिसका द्यायचा, राजा घेऊन घरी.

तिला विचारलं.

"उपसा ना भाऊ. पानी तं पुन्हा भरूनच येईन. पन उपसलेला पानी टाकाल कोठी?"

"कुठेही टाकू."

"कोठी बी काऊन? माया बांधीत टाका."

बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा बांधबंदिस्त तुकडा. मला काय, पाणी बांधीत जावो नाही तर समुद्रात. मी हो म्हटलं.

सकाळी इंजिनं घेऊन पोचलो तर शेतात जत्रा. सुकवंताबाईच्या बांधीपासून शेजाऱ्याच्या बांधीत, तिथून पुढच्याच्या बांधीत, अशी सगळीकडे पाट काढून ठेवलेली. उन्हाळी धान पोटरीवर आलेला, निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, बेतात. धानाला पाणी लागतं ते याच दिवसांत, आणि वीज नेमकी याच दिवसांत गायब असते. मी मात्र एवढं काही पाहिलं नाही. मी विहिरीत पाहत होतो.

इंजिनं धडधडली. पाणी हातभर उतरलं. पोरंबाया काठावर वाकून. आणखी हातभर. मी दर थोड्या वेळाने इंजिनात डिझेलचा डबा ओतत होतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला आणि विहिरीत उजेड सरळ उतरला. तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, "दिसला!" पोकळीचं तोंड, आणि आत, पाण्याच्या पातळीवर, एक काळं टोक चमकत होतं. माझा राजा! अख्खं गाव ओरडलं. मी शर्ट काढला, कमरेला दोर बांधला, टोपल्यात पाय टाकला, आणि एक इंजिन खोकलं. मग दुसरंही खोकलं. डिझेल संपलं.

यारीवर मदतीला आलेल्या रहांगडालेला मोटरसायकलवर सालेकशाला पिटाळलं. तो परत येईपर्यंत राजा पुन्हा पाण्याखाली गेला होता, आणि मी एका पायाने टोपल्यात, उघड्या अंगाने, चारही बाजूंना पाहिलं. लांबवर सगळ्या बांध्या तुडुंब. बगळे उतरले होते. एक म्हातारा पाटाच्या कडेला बसून माझ्याकडे पाहत मनापासून म्हणाला, "असा दगड आमच्या बी विहिरीत असता तं बरं झालं असतं जी."

घरी परतल्यावर आमच्या घरच्यांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतःचं डिझेल घालून दुसऱ्यांच्या धानाला पाणी दिलं."

"राजाचं टोक दिसलं," मी म्हटलं.

"हो, ते कळलं."

शर्टातून आलेले लहान स्फटिक मी विकले नाहीत. ते प्रदर्शनात मांडले. तांदूळवाला व्यापारी वाकला, चिठ्ठी वाचली आणि त्याने या वेळी तांदूळ म्हटलं नाही. म्हणाला, "याचा मोठा भाऊ असेल ना कुठेतरी?" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, केव्हा आणता? मी म्हटलं, पाणी उतरलं की. तेवढ्यावर मला दोन दिवस जेवण लागलं नाही, इतका आनंद झाला.

त्यानंतर दर एप्रिलात सुकवंताबाईचा फोन येतो. "भाऊ, दगड दिसून राहिला जी. इंजिन आणा ना." मी जातो. त्या दुपारनंतर टोक एकदाही दिसलेलं नाही. झरा वर्षागणिक जोर धरतोय, आणि त्याला वाट मीच मोकळी करून दिली आहे. तरी काठावर वाकलं की मी पहिल्यासारखाच टोक शोधायला लागतो. दोन इंजिनांची आता तीन झाली आहेत. जेवायला चांगला भात असतो, त्याच बांध्यांतला. राजासाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी मी खिशात घेऊन जातो, ती दर वेळी भिजते, दर वेळी नवी लिहितो.

यंदाही फोन आला. मी डिझेलचे डबे स्कूटरला बांधत होतो. आमच्या घरच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दिसतोय म्हणाल्या?"

"हो. चक्क टोक दिसतंय म्हणाल्या."

"आणि धान निसवला का त्यांचा?"

"ते नाही विचारलं."

"का नाही विचारलं?"

मी डब्याची दोरी आवळली. "विचारलं असतं तर बिचारीला खरं सांगावं लागलं असतं."